बिनफोडणीची डाळ

जुना जालना
चैत्र वद्य पंचमी, शके १८५८

माय,

पाया पडते. कागदावर पडते. समोर असतीस तर पडले असते का न्हाई, ते सांगता येत न्हाई. मागच्या साली तुझ्याकडं केदारखेड्याला आल्ते, तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच गाडीत बसवून परत लावून दिलंस. "सवत आली तरी नांदायचं," म्हणलीस. ते बोलणं अजून कानातून गेलं न्हाई.

कडूबादादा, हे तू मायला वाचून दाखवशील तर एक शब्द गाळू नको. तिला वाईट वाटंल म्हणून गाळतोस, तुझी सवय मला ठाऊक हाय. तुझ्याच पाटीवर मी अक्षरं शिकले म्हणून आज लिहून राह्यले. न्हाई तर माझं कोण लिहिणार होतं?

तर माय, मला पोर न्हाई म्हणून सवत येऊन राह्यली. मागच्या साली नुसती बोलाबोली होती, आता बराबर ठरायला लागलंय. तीर्थपुरीचे रखमाजी म्हणून हायेत, पाच पोरींचे बाप. त्यांची मधली, नंदा. वैशाख लागला की रखमाजी घर बघायला येणार. सासू तुळजाबाई मला म्हणली, "झुंबर, पाव्हण्यांचं तूच बघायचं. तुझ्या हाताला चव हाय." ऐकलंस? माझ्या नवऱ्याला दुसरी बायको देणाऱ्या माणसाचं आगतस्वागत मी करायचं. तुळजाबाईला लाज वाटली न्हाई. मी आपली खाली मान घालून 'व्हय' म्हणले.

'व्हय' म्हणले त्याला कारण हाय, आणि ते कुणाला सांगू नको.

आमच्या भिंतीला भिंत लावून जेठमल कापडवाल्याचं घर हाय. त्याची बायको प्रेमबाई मला लई जीव लावते. तिला सांगता सांगता मी रडले, तर ती म्हणली, "रडती कशाला? आमच्यात ज्या घरी पोरगी द्यायची, त्या घरचं पोरीचा बाप पाणी पण पीत न्हाई. नातू होईपर्यंत बिलकुल न्हाई. आणि बापाला सोयरीक नको असली, तर तो तोंडानं 'नको' म्हणत न्हाई. त्या घरचं खाऊन उठतो. खाल्लं की मोडलं. सगळे समजतात, कुणाचा अपमान होत न्हाई."

माय, माझ्या डोक्यात तेव्हाच उजेड पडला. आपल्यातही आईबाप लेकीच्या घरी नातू होईस्तोवर जेवत न्हाईत, एवढं मला ठाऊक हाय. तू कुठं आलीस माझ्या घरी जेवायला? मंग त्या रखमाजीनं काही तोंडात टाकलं, तर मोडंल की! तो उन्हातनं गाडीत हिंदकळत येणार, घशाला कोरड पडलेली. ताट मांडलं तर त्याला आठवंल आणि हात जोडंल. पण ताट नकोच. गार, ताजं, एवढं एवढंसं, दोन बोटांत उचलायचं. मनात इचार यायच्या आधी तोंडात गेलं पायजे.

आता तू फक्त एवढं कळव. एक, आपल्यात पण प्रेमबाई म्हणती तसंच समजतात का? बाप तर माझ्या लग्नाआधीच गेला, मी कुणाला इचारू? आणि दुसरं, चैत्रात बाया बोलवायचीस तेव्हा कैरीची डाळ करायचीस, ती फोडणी घालून का बिनफोडणीची? मला चव आठवते, कृती आठवत न्हाई.

जेठमलची गाडी भोकरदनच्या बाजाराला कापड घेऊन जाते. तिच्याबरोबर हे पाठवते. त्याच गाडीनं जवाब पाठव. जल्दी पाठव, माय.

झुंबर


जुना जालना
चैत्र वद्य द्वादशी

माय,

गाडी रिकामी आली. गाडीवान म्हणतो, कागद कडूबाच्या हातात दिला, त्यानं तिथंच उभ्यानं वाचला आणि "बरं" म्हणला. बरं काय, बरं? बहीण मरायला टेकलीय आणि हा बरं म्हणतो!

मी तुझ्या जवाबाला थांबले न्हाई. रोज दुपारी करून बघते. सासूला वाटतं, सून सुधारली. शेजारणींना सांगत फिरते, "बघा, सवतीच्या बापासाठी किती हौसेनं करून राह्यली."

ऐक, काय काय करते. कोवळी काकडी बोटभर तुकडे करून मधून कोरली की तिची वाटी होते. हरभऱ्याची डाळ भिजवून जाडसर वाटायची, त्यात कैरी किसायची, मिरची, कोथिंबीर, चिमूटभर साखर, जिऱ्याची पूड. ती त्या वाटीत भरायची. पहिल्या दिवशी मी आधीच मीठ घातलं, तर काकडीला पाणी सुटलं आणि डाळ घसरून परातीत बसली. आता मीठ पाव्हणा पायरी चढला की घालायचं. खरबुजाच्या फोडी पितळी डब्यात घालून डबा रांजणाखालच्या ओल्या वाळूत पुरते, निघतो तेव्हा हाताला चटका बसावा एवढा गार. फोड आणि पुदिन्याचं पान एका काडीत ओवलं की बोटं चिकट होत न्हाईत. आधी कडुनिंबाची काडी घेतली. अगं, खरबूज असं कडूजहर झालं की मीच थुंकले! प्रेमबाई एवढी हसली, एवढी हसली, आणि मीही हसले, मंग एकदम रडू आलं. आता ज्वारीच्या धाटाची काडी सोलून घेते. कैरीच्या पातळ फोडी गूळ-तिखटात घोळवते. वरून ओलं फडकं, आणि सगळं पळसाच्या पानावर.

फोडणीचं मात्र अडलं. मला आपली धूसर आठवण हाय, तू पळी तापवायचीस आणि हिंगाचा वास ओसरीपर्यंत यायचा. पण ते डाळीसाठी का कशासाठी? प्रेमबाई म्हणती, "फोडणी नको. तेल हाताला लागतं. पाव्हण्याला हात पुसायला लागला की तो इचार करतो. इचार केला की खात न्हाई." मला पटलं. तू काहीच बोलत न्हाईस, तर जी बोलते तिचं ऐकायचं.

काल हे कचेरीतून आले. परात झाकलेली बघितली आणि फडकं उचलून एक काकडी तोंडात टाकली. उभ्या उभ्या दुसरी टाकली. "लई भारी झालंय. कुणासाठी?"

मी म्हणले, "तुमच्या सासऱ्यासाठी."

त्यांनी फडकं परत झाकलं. मंग खाली बघून म्हणतात, "आईपुढं माझं चालत न्हाई, झुंबर. तू मनाला लावून घेऊ नको."

"तोंड तर चालतंय ना, तेवढं बरं," मी म्हणले. माय, हा माणूस वाईट न्हाई. मला कधी हात लावला न्हाई, वाकडं बोलला न्हाई. दिवसभर तहसिलात बसून उर्दू लिहितो, आणि घरी आईपुढं त्याच्या तोंडून मराठीतला एक शब्द निघत न्हाई. वाईट असता तर बरं झालं असतं. मी त्याला शिव्या देऊन मोकळी झाले असते.

सोयरीक मोडली तर मला आणखी एक साल मिळंल. सासू पुन्हा स्थळं धुंडाळीस्तोवर साल जातं. सालभरात काहीबी होऊ शकतं. प्रेमबाईच्या नणंदेला चाळिशीत पोर झालं. मला तेवढंच साल पायजे, माय, दुसरं काही मागत न्हाई. एक ओळ लिही. दादा, तिनं सांगितलं न्हाई तरी तू लिही.

झुंबर


जुना जालना
वैशाख शुद्ध षष्ठी

माय,

त्यानं खाल्लं. सगळं खाल्लं. आणि माझं वाटोळं झालं.

सांगते. रडून झालंय, आता सांगते.

ऊन असं होतं की वाड्यातल्या फरशीवर पाय ठेववत नव्हता. रखमाजी आणि त्यांचा एक चुलतभाऊ गाडीतून उतरले. मोठा, भरल्या अंगाचा माणूस. फेटा काढून घाम पुसला, पाय धुतले, घोंगडीवर टेकले. मी मीठ घातलं, फडकं काढलं आणि परात मध्ये ठेवून दाराआड गेले. पदर दातात धरून उभी राह्यले. माय, मी देवापुढं कधी अशी उभी राह्यले न्हाई.

आधी त्यांनी नुसतं बघितलं. मंग बोलता बोलता हात गेला. एक काकडी. मंग थांबले, परातीकडं नीट बघितलं, आणि दुसरी उचलली. मंग खरबूज. मंग कैरी, आणि कैरीनं डोळे बारीक करून "आहाहा" म्हणले. चुलतभाऊ पण सुरू झाला. परातीचा तळ दिसायला लागला. "अशी डाळ म्या जन्मात खाल्ली न्हाई," असं म्हणले रखमाजी. मी दाराआड तोंडावर हात दाबून हसून राह्यले. मोडली! मोडली! सासूकडं बघितलं, तर तीही हसून राह्यली. मला वाटलं, म्हातारीच्या अजून ध्यानातच आलं न्हाई.

मंग सासू म्हणली, "चला, पानं वाढते."

रखमाजीनं दोन्ही हात जोडले. "न्हाई, न्हाई, तुळजाबाई. जेवण न्हाई. आता हे माझ्या लेकीचं घर झालं. नातवाचं तोंड बघितलं की मंग पोटभर जेवीन."

मला काय झालं कुणास ठाऊक. मी दाराआडून बाहेर आले. गड्यांपुढं, डोक्यावरचा पदर घसरलेला. म्हणले, "मंग हे खाल्लं ते?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. रखमाजी रागावले न्हाईत. लहान लेकराला समजावून सांगावं तसं म्हणले, "हे व्हय? हे कुठं अन्न हाय, बाई? काकडी, खरबूज, कैरी, ही सगळी फळफळावळ. डाळ भिजलेली, शिजलेली न्हाई. ज्याला चूल लागली न्हाई, ते खाल्ल्यानं दोष लागत न्हाई. म्हणून तर खाल्लं."

"जिरं भाजलंय!" मी वरडले. "जिरं तव्यावर भाजलंय त्यातलं!"

माय, सगळे हसले. चुलतभाऊ तर गडागडा हसला. रखमाजी म्हणले, "जिऱ्यानं काय होतं, बाई?" हे भिंतीला टेकून बसले होते, तेवढे हसले न्हाईत. पण बोलले पण न्हाईत.

सासू सगळं जाणून होती. रोज दुपारी मी काय करून राह्यले, कशासाठी करून राह्यले, तिला बराबर समजलं होतं. पाव्हणे गेल्यावर मला म्हणली, "चूल पेटवून पुऱ्या तळल्या असत्यास, तर मीच परात उचलून नेली असती. तू काकड्या कोरत बसलीस, मी म्हणलं कोरू दे."

प्रेमबाई कपाळावर हात मारून घेत बसली होती. "आमच्यात पाणी पण चालत न्हाई गं! मला काय माहीत, तुमच्यात फळं चालतात!" तिचा काय दोष? तिनं तिच्या घरचं सांगितलं. तिच्या घरचा कायदा मी माझ्या घराला लावला.

पण तुला ठाऊक होतं. तुला ठाऊक होतं, माय! चुलीचं आणि बिनचुलीचं, तुला सगळं ठाऊक होतं. एक पळी फोडणी! एक पळी तेल तापवून त्या डाळीवर ओतलं असतं, तर तेच अन्न झालं असतं आणि त्याच्या पोटात गेलं असतं. आणि मी तुला तेच इचारलं होतं. अक्षर काढून इचारलं होतं. "फोडणी घाल," एवढं लिहायला कडूबाला काय नांगर धरावा लागत होता?

का मुद्दाम गप्प बसलीस? माझा संसार टिकावा म्हणून दुसऱ्याच्या पोरीची सोयरीक मोडायची न्हाई, असलं काही तुझ्या मनात आलं का? का, माझा डाव उघडा पडून सासूनं हाकललं, तर मी परत येऊन तुझ्या दारात बसंन याची भीती वाटली?

दशमीला सुपारी फुटणार. दुसरेपणाचं म्हणून तीपण आमच्याच घरी, पोरीचे आईबाप इकडं येणार. त्याच्या आत दादाला गाडी घेऊन पाठव. मला घेऊन जा. गोठ्यात राहीन, शेण काढीन, तुझ्या डोळ्यांपुढं येणार न्हाई. पाठवशील ना गं?

झुंबर


जुना जालना
वैशाख शुद्ध द्वादशी

माय,

गाडी आली न्हाई. दशमीला सकाळपासून कान रस्त्याकडं लावून होते. घुंगरं वाजली की पळत दारात जायचे. दर खेपेला दुसऱ्याचीच गाडी. सासू म्हणली, "कुणाची वाट बघती? पाव्हणे दुपारी येणार."

सुपारीची माणसं जमली. आमच्या भावकीचं जेवण होतं, त्यामुळं मी चुलीपुढं भाकरी थापीत बसले. रखमाजीच्या माणसांसाठी सासूनं फळं चिरून ठेवली होती. मला चाकूला हात लावू दिला न्हाई. बाहेर हसणं चालू होतं. मी भाकरी थापीत होते आणि प्रत्येक भाकरीला म्हणत होते, आता फुटली, आता फुटली.

तेवढ्यात एक बाई आत आली. वाळकी, माझ्यापेक्षा दहा-बारा सालांनी मोठी. चुलीजवळ येऊन बसली. माझ्याकडं बघत राह्यली. मंग म्हणली, "तूच का गं ती?"

"मीच," मी म्हणले.

"मी सोनूबाई. नंदाची माय."

मी भाकरीवरचं लक्ष हटवलं न्हाई. मला तिचं तोंडसुद्धा बघायचं नव्हतं. ती म्हणली, "त्या दिवशी आमचे मालक तुझ्या हातचं खाऊन आल्ते. घरी येऊन तेच सांगत बसले, काकडी अशी होती आणि खरबूज असं होतं. म्हणले, 'पहिली लई गुणी हाय, कष्टाळू हाय. असलीच्या हाताखाली आपली पोर पडली तर चिंता न्हाई.' तोवर त्यांचं पक्कं नव्हतं. दुसरेपणावर द्यायला त्यांचंही मन धजत नव्हतं. तुझी परात बघून पक्कं झालं."

माय, तवा तापला होता, भाकर टाकायची होती. ती कशीबशी टाकली. जाऊ दे, मनात काय आलं ते मी लिहीत न्हाई. दादा, इथं थोडा थांब आणि मायला पाणी दे.

"मला पोर द्यायची न्हाई," सोनूबाई म्हणली. हळू म्हणली, पण रागानं. "सवतीवर कोण देतं गं? मी पंधरा दिवस भांडले. माझं कोण ऐकतंय? घराघरात हेच." आणि तिनं दुरडीतली वरची भाकर उचलली, मी हां हां म्हणेस्तोवर तुकडा मोडून तोंडात घातला. तशीच उठली. चावत चावत बैठकीच्या दारात जाऊन उभी राह्यली आणि मोठ्यानं म्हणली, "मी खाल्लं! ह्या घरच्या चुलीवरचं खाल्लं! बघा सगळ्यांनी!"

मी तिच्या मागं गेले. बैठकीत सगळ्यांची तोंडं दाराकडं वळली होती. अडकित्ता सुपारीवर ठेवलेला, तसाच. माझा जीव कानात येऊन बसला.

रखमाजीनं बायकोकडं बघितलं. तोंडावर ना राग, ना काही. भटजीला म्हणले, "फोडा महाराज. बायामाणसांचं खाणं कोण मोजतंय?"

कट्कन वाजलं. झालं.

सोनूबाई दारातच उभी होती, हातात अर्धी भाकर. मी तिला दंडाला धरून आत आणलं. ती खाली बसली आणि रडायला लागली. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून तोंडात पदर कोंबला. मीही रडले. तिच्या गळ्यात पडून रडले न्हाई. ती चुलीच्या त्या बाजूला, मी ह्या बाजूला. भाकर तव्यावर करपून गेली.

थोड्या वेळानं तिनं डोळे पुसले आणि हातातली अर्धी भाकर खायला लागली. कोरडीच. मी म्हणले, "आता कशाला खाती? मोडायचं ते मोडलं न्हाई."

ती म्हणली, "त्यांनी मोजलं न्हाई तर न्हाई. मी मोजते. लेकीच्या घरी मी घास घेतला नसता. घास घेतला, म्हणजे हे घर माझ्या लेकीचं न्हाई. तुझं हाय. मी तुझ्या घरी जेवले. उद्या माझी पोर तुझ्या घरी येईल, तेव्हा एवढं ध्यानात ठेव. तिला तिखट सोसत न्हाई."

मला तिला म्हणायचं होतं, तुझी पोर माझ्या चुलीजवळ आली तर जाळून टाकीन. खरंच म्हणायचं होतं. पंधरा दिवस मनात तेच घोकत होते. पण तोंडातून निघालं, "कोरडी नका खाऊ. पिठलं वाढू का?"

"वाढ," ती म्हणली.

मी वाढलं. दुसरी भाकर दिली, तीही खाल्ली. सात सालांत ह्या घरात मला, 'तुझ्या घरी जेवले' असं कुणी म्हणलं न्हाई, माय. सासू म्हणती, रामकिसनचं घर. हे म्हणतात, आईचं घर. तू म्हणतीस, दिल्या घरी. ती बाई उठताना माझ्या डोक्यावर हात ठेवून गेली.

पोरीला सांभाळीन असं मी तिला म्हणले न्हाई. न्हाई असंही म्हणले न्हाई. लगीन पौर्णिमेनंतर हाय, आणि मला काही समजून न्हाई राह्यलं.

तू गाडी पाठवली न्हाईस, आता नकोच. तूच ये. लगीन लागायच्या आत ये. मला पोर न्हाई, म्हणून माझ्या घरचं तुला चालत न्हाई, ते सगळं मला ठाऊक हाय. तरी ये. परकी बाई जेवून गेली, माय. तू माझ्या चुलीपुढं बस, मी गरम वाढीन, आणि तू खा.

झुंबर